जळका वास काय सांगतो?

कपडे धुण्याचे यंत्र चालू आहे आणि एकाएकी घरात जळका वास पसरला, तर प्रथम काय कराल? झाकण उघडून आत डोकावाल? नव्हे! कोरड्या हाताने भिंतीवरील बटण बंद करावे आणि मग प्लग काढावा. बटण किंवा प्लगच तापलेला असेल, तर त्याला हात न लावता घराचा मेन स्विच बंद करावा. वीजपुरवठा चालू असताना यंत्रावर पाणी मुळीच ओतू नये. एवढे झाले, की शांतपणे विचार करता येतो.

जळका वास येतो म्हणजे नेमके काय होते? रबर, प्लॅस्टिक, मोटारीच्या तांब्याच्या तारेवरील लेप हे सारे सेंद्रिय पदार्थ आहेत. ते फार तापले, की त्यांचे लांबलचक रेणू तुटतात आणि लहान रेणू हवेत मिसळून आपल्या नाकापर्यंत पोहोचतात. तेव्हा जळका वास हा एक पुरावाच आहे. यंत्रात नको त्या जागी उष्णता निर्माण होत आहे, असे तो सांगतो. ही उष्णता बहुधा दोन वाटांनी येते : घर्षणाने किंवा विद्युत् प्रवाहाने.

आपल्याकडे पुष्कळ घरांत दोन टाक्यांचे, अर्धस्वयंचलित यंत्र असते. त्याचेच उदाहरण घेऊ. धुण्याच्या टाकीखालील मोटार एका पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, तळाची चकती फिरवते. टाकीत कपडे कोंबले किंवा एखादा मोजा चकतीखाली अडकला, तर चकती अडते. मोटारीची पुली मात्र फिरतच राहते आणि बेल्ट तिच्यावर घसरू लागतो. हात एकमेकांवर चोळले की गरम होतात, तसाच हा प्रकार. अशा वेळी वास येतो तो जळक्या रबराचा. जुना, सैल झालेला बेल्टही असाच घसरतो.

पिळण्याच्या टाकीला वेगळी मोटार असते. ती मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. झाकण उघडताच टाकी थांबावी म्हणून तेथे ब्रेक बसवलेला असतो. झाकण मिटले, की एक तार ब्रेक ओढून बाजूला धरते. ही तार सैल पडली, तर ब्रेक पुरता सुटत नाही आणि मोटार फिरत असताना घासत राहतो. वास फक्त पिळतानाच येत असेल, तर प्रथम संशय ब्रेकवर घ्यावा.

आता दुसरी वाट पाहू. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली एक नियम प्रसिद्ध केला. तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग, तारेचा रोध आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. हा नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. तो आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

पाणी तापवण्याची सोय असलेले यंत्र २,००० वॅटचे आहे असे धरा. २३० व्होल्टवर ते सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेईल. प्लग सॉकेटमध्ये सैल बसला आणि त्या सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम झाला, तर तेथे ८.७ × ८.७ × ०.५, म्हणजे सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्तीची डाग देण्याची इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते. तिने कथील वितळते, मग सॉकेटचे प्लॅस्टिक करपले तर नवल ते काय! येथे दोष यंत्रात नसून भिंतीवर असतो, हे ध्यानात घ्या.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. मोटार नुसती गुणगुणते, पण फिरत नाही. घरगुती एकफेज वीज फिरते चुंबकीय क्षेत्र आपोआप निर्माण करत नाही. त्यासाठी अशा मोटारीला कपॅसिटर जोडावा लागतो. तो निकामी झाला, की मोटार सुरूच होत नाही. विजेचा दाब फार उतरला, तरी असेच होऊ शकते. कारण या मोटारीचे पीळबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब २३० वरून १६१ व्होल्ट, म्हणजे ७० टक्के झाला, तर पीळबल ४९ टक्केच उरते. अडलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह घेते. प्रवाह तिप्पट झाला, तर उष्णता नऊपट! मग तारेवरील लेप जळू लागतो आणि उग्र, घशात खवखवणारा वास येतो. म्हणून गुणगुण ऐकताच बटण बंद करावे. ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ असे म्हणत राहिल्यास उरलीसुरली मोटारही जाते. काही मोटारी फार तापल्यावर आपोआप बंद पडतात आणि निवल्यावर पुन्हा चालू होतात. त्यावरून दोष गेला, असे समजू नये.

तेव्हा तीन गोष्टी वहीत टिपा : वास कशासारखा होता? धुताना आला की पिळताना? त्या वेळी काय फिरत होते आणि कसला आवाज येत होता? मिस्त्रीला ही माहिती फार उपयोगी पडते. यंत्राचे मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युत् भार शिल्लक असू शकतो.

स्वाध्याय

१. विजेचा दाब २३० वरून १८४ व्होल्ट झाला, तर मोटारीचे पीळबल किती टक्के उरेल?

२. वरील सैल सांध्यातून ८.७ ऐवजी २ अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे किती वॅट उष्णता निर्माण होईल? त्याच सॉकेटला पंखा लावल्यास वास का येत नाही, हे या उत्तरावरून सांगा.

३. चकती अडली आहे, पण बेल्ट घट्ट असल्याने घसरत नाही. अशा वेळी कोणता वास येण्याचा संभव अधिक? कारण द्या.