पिकाची नोंद

जळगावजवळील असोदा गाव भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली येथेच झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, व एका आप्ताने लिहून ठेवली.

शेतकऱ्याच्या पिकाची नोंदही पूर्वी दुसऱ्याच्याच हाती असे. कोणत्या शेतात काय पेरले, हे तलाठी सातबाऱ्यावर लिहीत असे. तलाठी एक आणि शेते शेकडो! एखादे शेत नजरेतून सुटले, तर नवल ते काय?

15 ऑगस्ट 2021 रोजी महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. तेव्हापासून शेतकरी स्वतःच मोबाइलमध्ये गट क्रमांक, पीक, क्षेत्र व पाण्याचे साधन भरू लागला. उभ्या पिकाचे छायाचित्रही त्यानेच घ्यावयाचे. त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइल टिपून घेतो. म्हणून हे काम घरी ओट्यावर बसून होत नाही, शेतातच जावे लागते. ही यातायात व्यर्थ नाही. उद्या गारपिटीने पीक आडवे झाले आणि सातबाऱ्यावर त्याची नोंदच नसली, तर भरपाई कोणत्या आधारावर मागावी?

मोबाइलची बारीक अक्षरे वृद्ध शेतकऱ्यांना दिसत नाहीत. मग शाळेतून आलेली नात शेतात जाते. आजोबा पिकाचे नाव सांगतात आणि ती ते भरते.