दूरसंचार कंपन्यांचे स्वयंसेवा अॅप : महसूल आणि विश्वास

दिल्लीच्या नैर्ऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेले द्वारका हे नियोजित उपनगर आहे. सेक्टरनिहाय बाजार, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती आणि त्यांना लागून बिंदापूर, ककरोला, पालम यांसारखी जुनी गावे अशी येथील रचना आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथे मेट्रो पोहोचली. त्या सुमारास प्रत्येक बाजारात रिचार्ज कूपनांच्या माळा लावलेले एखादे छोटे दुकान हमखास असे. आज नवव्या मजल्यावरील रहिवासी घरबसल्या अॅपवरून रिचार्ज करतो. त्याच घरी धुणीभांडी करण्यास बिंदापूरहून येणारी बाई मात्र अजूनही दुकानात जाऊन रोख पैसे देते. दोघांची कंपनी एक, योजना एक आणि रक्कमही एकच. परंतु कंपनीच्या हाती पडणारा निव्वळ महसूल एक नाही. हा फरक कोठून येतो आणि तो वाढविण्याचा योग्य मार्ग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सुरुवातीस येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठराविक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले आणि सेवा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले. अनेक कंपन्या विलीन झाल्या किंवा बाजारातून बाहेर पडल्या. आता तीन मोठ्या खाजगी कंपन्या आणि सार्वजनिक क्षेत्र एवढेच स्पर्धक उरले आहेत.

शहरांत जवळजवळ प्रत्येकाकडे फोन आल्यावर नवे ग्राहक मिळविण्यास मर्यादा पडते. त्यामुळे कंपन्यांचे लक्ष प्रतिग्राहक सरासरी मासिक महसुलाकडे वळले. जानेवारी-मार्च २०२४ या तिमाहीत तो एअरटेलसाठी २०९ रुपये आणि जिओसाठी १८१.७ रुपये होता. जानेवारी-मार्च २०२५ मध्ये तो अनुक्रमे २४५ आणि २०६.२ रुपये झाला. या वाढीमागे जुलै २०२४ मधील दरवाढीचा मोठा वाटा होता. परंतु दरवाढ हा वारंवार वापरता येणारा उपाय नव्हे. म्हणूनच एअरटेल थँक्स, मायजिओ, व्ही यांसारख्या स्वयंसेवा अॅपना कंपन्यांच्या अर्थकारणात महत्त्व आले आहे.

महसूलवाढीचे चार मार्ग

१. व्यवहार खर्चात बचत : दुकानातून रिचार्ज झाल्यास दुकानदाराला दलाली द्यावी लागते. समजा, २०० रुपयांवर ती तीन टक्के, म्हणजे सहा रुपये आहे. वर्षात तेरा रिचार्ज होत असतील तर ही रक्कम ७८ रुपये होते. अॅपवरून रिचार्ज झाल्यास देयक व्यवस्थेचा अल्प खर्च वजा जाता ती कंपनीकडेच राहते. ग्राहक स्वतःच शिल्लक पाहतो, बिल उतरवून घेतो, तक्रारीची स्थिती तपासतो; त्यामुळे मदत केंद्राकडे येणारे कॉलही कमी होतात. येथे ग्राहकाच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही.

२. वेळेवर नूतनीकरण : अठ्ठावीस दिवसांची योजना वर्षात तेरा वेळा घ्यावी लागते. ग्राहकाने प्रत्येक वेळी दोन दिवस उशीर केल्यास कंपनीकडे तेराऐवजी सुमारे बारा वेळाच रक्कम जमा होते. मुदत संपण्यापूर्वी दिलेली सूचना किंवा ग्राहकाच्या संमतीने लावलेली स्वयंचलित देयकाची सोय एवढ्यानेच ही गळती थांबू शकते.

३. वापरानुसार योजना : ग्राहक किती बोलतो आणि किती डेटा वापरतो, याची नोंद कंपनीकडे असते. ज्याचा डेटा रोज दुपारीच संपतो त्याला मोठी योजना सुचविणे अॅपला सहज शक्य आहे. अर्थशास्त्रात यास मूल्यभेदाचे एक रूप मानतात. जास्त गरज असलेल्याने जास्त पैसे देऊन जास्त सेवा घ्यावी, यात गैर काही नाही.

४. जोडसेवा : घरगुती ब्रॉडबँड, कुटुंबासाठी एकत्रित बिल, मनोरंजन सेवा यांची विक्री अॅपमधून होते. द्वारकेसारख्या दाट बहुमजली वस्तीत एका इमारतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेले की शेकडो घरांना जोडणी देता येते आणि प्रत्येक पुढील घरामागचा खर्च अल्प असतो. फायबर पोहोचलेल्या इमारतीतील ग्राहकालाच अॅपवर प्रस्ताव दाखविल्यास विक्रीचा खर्चही वाचतो.

चोवीस ग्राहकांचे गणित

तिसऱ्या मार्गातच खरी परीक्षा आहे. समजा, एक ग्राहक २०० रुपयांची योजना घेतो आणि प्रत्येक मुदतीत २० रुपयांचे दोन डेटा पॅक वरून विकत घेतो. त्याचा खर्च २४० रुपये होतो. २३० रुपयांच्या योजनेत त्याची संपूर्ण गरज भागते. परंतु त्यास ते ठाऊक नाही. अॅपने त्याला ते सांगावे काय?

सांगितल्यास कंपनीला वर्षाकाठी १३ गुणिले २३०, म्हणजे २,९९० रुपये मिळतील. न सांगितल्यास १३ गुणिले २४०, म्हणजे ३,१२० रुपये मिळतील. तिमाही अहवालापुरता विचार करणारा व्यवस्थापक गप्प राहणे पसंत करील, कारण त्यात प्रतिग्राहक १३० रुपये जास्त आहेत.

आता असे चोवीस ग्राहक घेऊ. सर्वांना योग्य योजना सांगितली आणि सर्व टिकले, तर महसूल २४ गुणिले २,९९०, म्हणजे ७१,७६० रुपये होतो. कोणालाच सांगितले नाही आणि त्यांतील एकाच ग्राहकाने हिशेब लक्षात येताच कंपनी सोडली, तर महसूल २३ गुणिले ३,१२०, म्हणजे पुन्हा ७१,७६० रुपयेच होतो. चोवीसांपैकी एक गेला की मौनाचा सारा लाभ शून्य होतो. दोघे गेले की तोटा सुरू होतो. दूरसंचार जाळ्याचा बहुतांश खर्च स्थिर असल्याने ग्राहक गेल्यावर खर्च फारसा घटत नाही. म्हणून गमावलेला महसूल बहुतेक सर्व नफ्यातूनच जातो.

ग्राहकाला सोडून जाणे आता अवघड राहिलेले नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहे. अर्थात, स्पर्धक जेथे दोन-तीनच आहेत आणि त्यांची अॅपही सारखीच वागतात, तेथे ही सोय दुबळी पडते. म्हणून केवळ स्पर्धेवर विसंबून चालत नाही. नियमनही आवश्यक ठरते.

नियमनाची चौकट

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची स्थापना १९९७ मध्ये झाली. अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीमुळे छापील किंमत न बदलता ग्राहकाला वर्षात बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. याविषयीच्या तक्रारींनंतर प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये तीस दिवसांच्या मुदतीचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पर्यायही देणे कंपन्यांना बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल व लघुसंदेशांसाठी वेगळे व्हाउचर उपलब्ध करून देण्याचा नियम झाला आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस करण्यात आली.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या पडद्यरचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा तेरा प्रकारांचा उल्लेख आहे. न मागितलेली वस्तू खरेदीत घुसविणे, खोटी घाई निर्माण करणे, वर्गणी रद्द करण्याची वाट लपविणे हे त्यांपैकी काही होत. स्वस्त योजना सातव्या पडद्याआड ठेवणारे आणि महाग योजना ठळक रंगात पुढे करणारे अॅप या तत्त्वांच्या आशयाशी विसंगतच म्हणावे लागेल.

अॅपबाहेरचा ग्राहक

येथे बिंदापूरच्या त्या बाईकडे पुन्हा वळू. तिच्याकडे साधा बटणांचा फोन असेल, तर अॅपवरील सवलत तिच्यासाठी नाहीच. स्मार्टफोन असला तरी तो घरातील मुलाच्या हाती असू शकतो. तिला केवळ बोलायचे आहे आणि तिच्यासाठी कॉलपुरते व्हाउचर अस्तित्वात आहे. परंतु ते तिला सांगणार कोण? ज्याची मिळकत कमी, त्यासच माहितीअभावी जास्त पैसे मोजावे लागणे ही विकासाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे.

सुदैवाने दुकानदार हा अशा ग्राहकाचा मदतनीस ठरू शकतो. त्याच्याकडील विक्रेत्यांच्या अॅपवर, ग्राहकाच्या संमतीने, तिच्या वापरास साजेशी सर्वांत स्वस्त योजना दिसावी. दलाली महागड्या योजनेवर नव्हे, तर ग्राहक टिकण्यावर मिळावी. लघुसंदेश आणि ध्वनिसूचना तिच्या भाषेत असाव्यात. ज्या बाजारात कूपनांच्या माळा लटकत होत्या, तेथील दुकानाला असे नवे काम मिळू शकेल.

समारोप

स्वयंसेवा अॅपचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत. योग्य योजना ग्राहकाला पहिल्याच पडद्यावर दिसते काय? सेवा सुरू करणे जितके सोपे, तितकेच ती बंद करणे सोपे आहे काय? अॅप न वापरणाऱ्यास तीच योजना त्याच दराने मिळते काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर वाढलेला महसूल हा सेवेचा मोबदला होय. उत्तर नकारार्थी असेल, तर तो ग्राहकाच्या अज्ञानावर लावलेला कर होय आणि असा कर फार काळ वसूल होत नाही. चोवीसांतील एक ग्राहक शांतपणे निघून जातो, आणि तो का गेला, हे कोणत्याही अॅपच्या नोंदीत आढळत नाही.