रुख्सतही अल्लाहचीच : मधुमेह, रोजा आणि शरीराची अमानत

सूरह अल-बकराच्या १८३ ते १८५ या आयतींमध्ये रमजानच्या रोज्यांची आज्ञा आली आहे. या तीन आयती एकत्र वाचल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जिथे रोजा फर्ज केल्याचे सांगितले आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला दिलेली सवलतही सांगितली आहे, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या उल्लेखाला लागूनच अल्लाहला आपल्या दासांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, असा खुलासा आहे. म्हणजे ही सवलत, जिला फिकहच्या भाषेत 'रुख्सत' म्हणतात, ती कुणा मौलवीने दया म्हणून दिलेली सूट नाही. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ती दिली आहे.

हे पुन्हा सांगण्याचे कारण आहे. शाबान महिना लागला की मशिदीत एक प्रश्न हमखास येतो : "शुगर आहे, रोजा ठेवू का?" विचारणाऱ्यांची चिंता कमी, कारण ते निदान विचारतात. खरी चिंता न विचारणाऱ्यांची आहे. घरातले अब्बा किंवा दादी चाळीस वर्षांत एकही रोजा सुटला नसल्याचे सांगतात, मुले-सुना ते कौतुकाने चारचौघांत सांगतात, आणि गोळ्यांची पाकिटे महिनाभर कपाटात पडून राहतात. या निष्ठेबद्दल आदर बाळगूनच विचारले पाहिजे : दीनने आपल्याकडून हेच मागितले आहे का?

दोन घटना

हिजरी ८ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा रमजान होता. वाटेत कुराउल-गमीम या ठिकाणी लोकांना रोजा जड जात असल्याचे त्यांना कळले. त्यांनी असरनंतर पाण्याचा प्याला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि पाणी प्याले. काही लोकांनी तरीही रोजा सोडला नाही. हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना अवज्ञा करणारे म्हटले. हजरत जाबिर (रजि.) यांची ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अधिक कष्ट म्हणजे अधिक पुण्य, असा हिशेब प्रत्येक वेळी खरा नसतो, हे यातून कळते.

दुसरी घटना सुनन अबू दाऊदमध्ये आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्यांना गुस्ल आवश्यक झाले. तयम्मुम चालेल का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, म्हणून सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. प्रेषितांना (स.) हे समजले तेव्हा त्यांनी त्या सोबत्यांना फार कठोर शब्दांत दोष दिला आणि अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, असे सांगितले. मृत्यू आला तो जखमेवर ओतलेल्या पाण्याने, पण दोष आला तो न जाणता मत देणाऱ्यांवर. "काही होत नाही, अल्लाहच्या भरवशावर ठेवा रोजा," असे एखाद्या इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला सहज सांगणाऱ्या प्रत्येकाने ही हदीस स्मरणात ठेवावी.

हा आजार म्हणजे काय?

आपण जे खातो त्यातील भाकरी, भात, पाव, साखर यांची शरीरात शेवटी ग्लुकोज होते. ही साखर रक्तातून पेशींमध्ये जाण्यासाठी इन्सुलिन नावाचे द्रव्य लागते. ते स्वादुपिंडात तयार होते. टाइप दोन मधुमेहात पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करून थकते, आणि साखर रक्तातच साचू लागते. वर्षानुवर्षे साचलेली ही साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा निकामी करीत जाते. सुरुवातीला दुखत काहीच नाही, म्हणून "थोडीशी शुगर आहे" असे म्हणून माणूस निश्चिंत राहतो.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती सामान्य, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था, आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या 'एचबीएवनसी' तपासणीत हेच टप्पे ५.७ च्या खाली, ५.७ ते ६.४ आणि ६.५ पासून पुढे असे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत.

"मी तर सडपातळ आहे," हा युक्तिवादही टिकत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये आपल्या दोघांचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून आरशावर विसंबू नये, तपासणी करावी.

रोज्यात धोका कुठे आहे?

२००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. टाइप दोनच्या रुग्णांमध्ये साखर अतिशय खाली जाऊन रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रकार इतर महिन्यांत दर महिन्याला शंभरामागे ०.४ होते, ते रमजानमध्ये ३ झाले, म्हणजे साडेसातपट. साखर धोकादायक पातळीवर चढण्याचे प्रकारही पाचपट झाले. उपवासाने साखर खाली जाते हे समजण्यासारखे आहे. ती चढते कशी? गोळ्या परस्पर बंद केल्याने, आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर.

याचा अर्थ मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोजा सोडावा असा नाही. केवळ पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर ज्यांची साखर आटोक्यात आहे, असे बहुतेक लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवू शकतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपवासात एकाएकी उतरू शकते. त्यांचे औषध, त्याची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी आधी ठरवून दिली पाहिजे. आणि पुढील लोकांनी रोजा ठेवू नये, असाच वैद्यकीय सल्ला साधारणपणे मिळतो : गेल्या तीन महिन्यांत साखर फार खाली गेलेले, साखर उतरल्याची जाणीवच न होणारे, मूत्रपिंडे बरीच खराब झालेले किंवा डायलिसिसवर असलेले, इन्सुलिनवरील गर्भवती, तापाने किंवा अन्य तीव्र आजाराने अंथरुणाला खिळलेले, आणि प्रकृती ढासळलेले वृद्ध.

हा निर्णय रमजानचा चंद्र दिसल्यावर घ्यायचा नाही. रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे आणि त्यांचे म्हणणे आलिमांपुढे ठेवावे. आजाराचा धोका डॉक्टर सांगतील, त्यावरचा शरई हुकूम आलिम सांगतील. दोघांचे काम एकाने करू नये.

रोज्याच्या दिवसातील चार मसले

१. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. दुपारी आणि असरनंतर तपासणी अवश्य करावी.

२. त्वचेखाली घेतलेल्या इन्सुलिनने रोजा तुटत नाही. ते अन्न नाही आणि पोटात जाण्याच्या नैसर्गिक मार्गाने जात नाही. मात्र ते घेऊन उपाशी राहिल्यास साखर उतरते, म्हणून त्याची वेळ डॉक्टरांनीच सांगावी.

३. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी थांबू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर फार उतरली की माणसाचे भान सुटते आणि तो "मला काही झाले नाही" असे म्हणत राहतो. अशा वेळी निर्णय घरच्यांनी घ्यायचा असतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

४. खऱ्या आजारामुळे सोडलेल्या रोज्याचा कफ्फारा नसतो. साठ रोजांच्या भीतीने कुणीही जीव धोक्यात घालू नये. त्या रोज्याची केवळ कजा आहे. उन्हाळ्यात जमत नसेल पण हिवाळ्याच्या लहान दिवसांत जमत असेल, तर तेव्हा कजा करावी. बरे होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे फिदया द्यावा. त्याचे प्रमाण हनफी व शाफई मसलकांत वेगळे आहे. कोकणातील बहुसंख्य वाचक शाफई आहेत, म्हणून आपापल्या आलिमांकडून खात्री करून घ्यावी.

सहरी आणि इफ्तार

प्रेषितांनी (स.) पोटाचे तीन भाग सांगितले : एक अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी. मधुमेही माणसाला याहून सोपे पथ्य कोणता आहारतज्ज्ञ सांगेल? सहरी चुकवू नये आणि ती उशिरा करावी, हीच सुन्नत आहे. तीत ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा मटकीची उसळ, अंडे, दही असावे. ते हळूहळू पचते. मैद्याचा पाव आणि गोड चहा यांनी साखर झटकन चढते आणि तशीच उतरते.

इफ्तार एक-दोन खजूर आणि पाण्याने करावा. खजूर सुन्नत आहे, पण त्यामागून येणारे सरबताचे पेले, समोसे, भजी आणि मालपुव्यांचे ताट सुन्नत नाही. मगरिबची नमाज पढून मग जेवावे : आधी भाजी-कोशिंबीर, डाळ किंवा मांस, आणि भात-रोटी शेवटी व बेताने. तरावीहमध्ये शरीराला चांगली हालचाल घडते. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र खिशात साखरेची पुडी ठेवावी.

मध आणि कलौंजी यांविषयीही लिहिणे भाग आहे. दोन्हींचे गुण हदीसमध्ये आले आहेत. पण म्हणून औषधे सोडा, असे कुठेही आलेले नाही. हजरत उबई बिन कअब (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडे वैद्य पाठवला होता. आणि मधानेही रक्तातील साखर वाढतेच.

वजूच्या निमित्ताने

मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या की टाचेत रुतलेला काटा कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्यापर्यंत वेळ येते. अशा माणसाला रोज पाय पाहण्यास सांगितले जाते. आपण तर दिवसातून पाच वेळा पाय धुतो! वजू करताना तळवे पाहावेत, बोटांमधील जागेत खिलाल करावा आणि नंतर ती कोरडी पुसावी. गरम पाणी आधी कोपराने अजमावावे. उन्हाळ्यात जोहरच्या वेळी मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये.

ज्यांना अजून झालेला नाही त्यांच्यासाठी

उंबरठ्यावरून परत फिरता येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात ज्यांनी वजन सुमारे सात टक्के कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईत झालेल्या भारतीय प्रयोगात (२००६) ही घट २८.५ टक्के होती. तीस वर्षांवरील प्रत्येकाने शासकीय आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, ती विनामूल्य असते. गरोदरपणात साखर वाढलेल्या भगिनींनी तर नियमित तपासावे. अनेक मोहल्ल्यांत स्त्रियांना फिरायला जागाच नसते. गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास चालण्याची सोय करून देणे ही घरातल्या पुरुषांची जबाबदारी समजावी.

प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना अति रोजे आणि रात्रभराच्या नमाजांपासून आवरताना, तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, याची आठवण करून दिली होती. हे शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अमानत आहे. ज्या अब्बांना डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्यांनी घोटभर पाण्यासोबत गोळी घेतली तर ते रमजानपासून वंचित होत नाहीत. कुरआनची तिलावत, जिक्र, सदका आणि दुआ यांची दारे त्यांना पूर्ण उघडी आहेत. घरच्यांनी त्यांना तसे जाणवू द्यावे, लपूनछपून जेवण्याची पाळी आणू नये.

अल्लाह आपणा सर्वांना त्याची आज्ञा आणि त्याची रुख्सत, दोन्ही आनंदाने स्वीकारण्याची सद्बुद्धी देवो, आणि आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.