मुंबई दर्शन आणि न प्यायलेलं पाणी

शनिवारी पहाटे ट्रॅव्हल्समधून उतरायचं, रविवारी रात्रीची गाडी पकडायची आणि मधल्या दोन दिवसांत गेटवे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, मरीन ड्राइव्ह असं सगळं उरकायचं. मुंबईच्या सहलीचा हा ठरलेला साचा आहे. सोमवारच्या तक्रारीही जवळपास ठरलेल्याच: अंग मोडून आलंय, डोकं जड आहे, पायात गोळे येताहेत, कुणाला उन्हाळी लागलीय, कुणाची शुगर चढलीय. घरातलं निदान एकच, ‘बाहेरचं खाणं बाधलं.’ जुलाब-उलट्या होत असतील तर वडापाव, चटणी आणि बर्फाचा गोळा यांच्यावर आळ घ्यायला हरकत नाही. पण वरच्या यादीतल्या बहुतेक तक्रारींचा खाण्याशी थोडाच संबंध असतो. त्यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी दोन दिवसांत न प्यायलेलं पाणी असतं, असं माझं मत आहे. हे पाणी विसरून राहून जातं असंही नाही. बायका आणि साठी ओलांडलेली माणसं ते ठरवून टाळतात, कारण ‘मग जायचं कुठे?’ या प्रश्नाला अनोळखी शहरात उत्तर नसतं. म्हणून सहलीच्या आरोग्याचा विचार खाण्याच्या डब्यापासून सुरू न करता इथून सुरू करायला हवा.

आधी मुंबईच्या हवेचं गणित पाहू. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या उन्हात तो चटकन वाळतो. मुंबईत हवेतच इतकं बाष्प असतं की घाम अंगावरून नुसता ओघळतो, पाणी तर जातं आणि गारवा मिळत नाही. मग शरीर आणखी घाम काढतं. त्यामुळे तापमापकावर आकडा ३३ दिसला म्हणून ‘आमच्याकडे तर ४२ असतं’ असं म्हणत निर्धास्त राहणाऱ्यांची गल्लत होते. अशा दमट उकाड्यात चालताना तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो, म्हणजे सकाळी दहा ते दोनच्या भटकंतीत सुमारे दोन लिटर. साठ किलोच्या माणसाच्या शरीरातलं सव्वा लिटर पाणी, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, भरून न निघता गेलं की नाडी वाढते, थकवा लवकर येतो, डोकं दुखू लागतं, चिडचिड होते. दुपारी तीनच्या सुमारास टॅक्सीवरून किंवा जेवणाच्या हॉटेलावरून कुटुंबात होणाऱ्या भांडणांना स्वभावाइतकंच हेही कारण असावं. डिसेंबर-जानेवारीत घाम कमी येतो, त्यामुळे मुंबई बघायला तेच महिने बरे.

पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं असलेलं पाणी राखून ठेवतात. लघवी थोडी, घट्ट आणि गडद होते. मूत्राशयात शिरलेले जंतू एरवी लघवीच्या धारेबरोबर धुऊन निघतात. धारच सहा-आठ तास झाली नाही तर त्यांना वाढायला सवड मिळते. याला चांगला पुरावा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि रोज दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. ही चाचणी वर्षभराची होती, आणि मुळातच हा त्रास होणाऱ्या स्त्रियांवर केलेली होती. दोन दिवस कमी पाणी प्यायल्याने धडधाकट बाईला संसर्ग होतोच, असं तिच्यावरून म्हणता येणार नाही. पण ज्यांना उन्हाळीचा किंवा मुतखड्याचा त्रास आधी झालेला आहे, त्यांनी शनिवार-रविवार कोरडे काढणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं आहे.

खरी काळजी वाटते ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. वय वाढतं तशी तहान बोथट होते. शरीराला पाण्याची गरज असते पण घशाला तसं जाणवत नाही. ‘तहान लागली की पिईन’ हे त्यांच्यासाठी भरवशाचं सूत्र नाही. त्यात रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या दुखण्यासाठी अनेकांना लघवीची गोळी चालू असते, आणि सहलीच्या दिवशी ती हमखास गाळली जाते, बहुतेकदा कुणालाही न सांगता. हृदय कमकुवत असलेल्या माणसाने ती गाळली तर पायांवर आणि फुप्फुसांत पाणी साठू शकतं. मग घारापुरीच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढताना दम लागला तर तो केवळ वयाचा समजू नये. याला तोड आहे. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा जोर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो, म्हणून ती त्या दोन दिवसांपुरती मुक्कामावर परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं. सगळ्याच गोळ्यांचं वेळापत्रक असं हलत नाही, म्हणून परस्पर बदल करू नये. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीवाटे साखर जाते आणि तिच्याबरोबर पाणीही. त्यांनी तर पाणी तोडूच नये.

संध्याकाळी आणखी एक चूक होते. पाय भरून येतात आणि पर्समधली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सर्वांना वाटली जाते. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा ज्या यंत्रणेवर टिकून असतो, तिलाच या गोळ्या अडवतात. सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी असेल तर तिहेरी ताण पडतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली आलेल्या, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या अभ्यासात या तिन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडं अचानक बिघडण्याचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त आढळला; पहिल्या तीस दिवसांत तो ८२ टक्के जास्त होता. मुळात हा धोका लहान असतो, त्यामुळे एका गोळीने घाबरून जायचं कारण नाही. पण पॅरासिटामॉल, गरम पाण्यात पाय आणि दोन ग्लास पाणी यांवर भागत असताना तो पत्करायचा कशाला?

‘एक-दोन दिवसांनी काय होतंय?’ असं कुणी म्हणेल. तिशीतल्या निरोगी माणसाला खरोखरच फारसं काही होत नाही, रात्री पोटभर पाणी पिऊन झोपला की तो सकाळी ठीक असतो. मात्र सहलीला एकटा तिशीतला माणूस क्वचितच जातो. बरोबर आई, सासरे, गरोदर बहीण, लहान मुलं असतात, आणि वेळापत्रक मात्र त्या तिशीतल्याने आखलेलं असतं. दुसरी शंका उलट बाजूची: भरपूर पाणी सगळ्यांनाच चालतं का? नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळावं, आणि निरोगी माणसानेही स्पर्धा लावल्यासारखं लिटरवर लिटर ढोसू नये. लघवीचा रंग फिका पिवळा राहील इतपत प्यावं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग एरवीही गडद पिवळा होतो, त्याने फसू नका. चहाने अंगातलं पाणी जातं, हा समजही सोडून द्यावा. २०१४ साली कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांवर केलेल्या प्रयोगात रोज चार कप कॉफी आणि तेवढंच पाणी यांत शरीरातल्या पाण्याच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नव्हता. चहात तर कॉफीपेक्षा कॅफिन कमीच. तेव्हा चहा, नारळपाणी, घरून नेलेलं कोकम सरबत, सगळं हिशेबात धरा. बर्फ घातलेला उसाचा रस तेवढा टाळा, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नसतं.

शेवटी उरतो सगळ्यात रास्त आक्षेप: पाणी प्यायलं, आता जायचं कुठे? ज्या शहरात बायकांना मुतारीच्या हक्कासाठी २०११ साली ‘राइट टू पी’ नावाची मोहीम उभारावी लागली, तिथे हा प्रश्न मनाचा खेळ आहे असं कोण म्हणेल? ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं असण्याची सांगड जगण्याच्या हक्काशी घातली आणि महापालिकांना तशा सूचना दिल्या. व्यवस्थेची जबाबदारी तिथे स्पष्ट झाली आहे, पण पुढच्या शनिवारी जाणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित. त्याने आपला मार्गच स्वच्छतागृहांवरून आखावा. सकाळी उतरल्यावर मुक्कामाच्या जागी आटोपूनच निघायचं. घारापुरीला लाँचने जाता-येता एकेक तास लागतो आणि लाँचवर सोय असेलच असं नाही, म्हणून ते सकाळी, चढण्यापूर्वी जाऊन येऊन. दुपारचे रणरणते तास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवावेत: डोक्यावर छप्पर आहे, टेकायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे, आणि गेटवेपासून ते चालत गाठता येतं. मरीन ड्राइव्ह आणि चौपाटी संध्याकाळी. ‘मुंबई दर्शन’च्या बसने जाणार असाल तर थांबे कुठे आणि किती वेळाचे, हे तिकीट काढतानाच विचारा, चार बायकांनी विचारलं की थांबा वाढतो. लघवी आवरत नसलेल्या आजींना मोठ्यांचा डायपर द्यायला संकोच वाटू देऊ नका, कोरडं ठेवण्यापेक्षा तो शंभरपट बरा. आणि यादीतली दोन ठिकाणं कापून टाका. हाजी अली पुढच्या खेपेलाही तिथेच असणार आहे.

परतल्यावर थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागलं, लघवीत रक्त दिसलं किंवा भरपूर पाणी पिऊनही आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, तर सोमवारीच डॉक्टरांकडे जा. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा सारखा झोपून राहू लागला, तर प्रवासाचा शीण म्हणून मंगळवारपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी रक्तातलं सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर तपासून घ्या, आणि दोन दिवसांत कोणत्या गोळ्या गाळल्या, कोणत्या जादा घेतल्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.