टॉर्च पेटत नाही? आधी वायर बघा!

मैत्रिणींनो, रात्रीची लाइट आली की शेतकरी आपलीच टॉर्च घेऊन मोटर चालू करायला जातो. बांधावर साप-विंचू असतात. तिथं टॉर्च विझली तर गटाचं नाव जातं, आणि माणसाच्या जिवाचाही प्रश्न येतो. म्हणून जोडणीतल्या नेहमीच्या चुका आज समजून घेऊ.

आपल्या टॉर्चमध्ये एक लिथियम सेल, चार्जिंग बोर्ड, स्विच, सहा छोटे पांढरे एलईडी आणि प्रत्येक एलईडीला एक रेझिस्टर असतो. कोणतीही वायर हलवण्याआधी सेल काढून ठेवा. लिथियम सेलची दोन टोकं चुकून एकमेकांना लागली तर वायर तापते, आगही लागू शकते.

१. एकच एलईडी पेटत नाही. तो उलटा लागला असेल. लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस. पाय कापले असतील तर कडा बघा. जिथं कड सपाट, ती बाजू मायनस. काढून सरळ लावा.

२. उजेड मंद आहे. रेझिस्टरचे रंग बघा. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, एलईडीला लागतात साधारण ३.२. उरला १ व्होल्ट. त्याला ०.०२ अँपिअरने भागलं की ५० ओहम येतात. म्हणून आपण त्याच्या वरचा, ५६ ओहमचा लावतो: हिरवा, निळा, काळा. तिसरा पट्टा तपकिरी असेल तर तो ५६० ओहमचा! रेझिस्टर बरोबर असेल तर सेल चार्ज करून बघा.

३. हलवली की लुकलुकते. सोल्डर कच्चं आहे. चांगला सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसतो, कच्चा सांधा गोळ्यासारखा बसतो. आधी वायर आणि पट्टी दोन्ही तापवा, मग सोल्डर लावा.

४. सेल लवकर खराब होतो. बोर्डवर 'बी' लिहिलंय तिथं सेल, 'आउट' लिहिलंय तिथं स्विच आणि एलईडी. एलईडीच्या वायरी 'बी'ला जोडल्या तरी टॉर्च पेटते, म्हणून ही चूक दिसत नाही. पण मग सेल पार रिकामा होईपर्यंत बोर्ड त्याला थांबवू शकत नाही.

५. बोर्ड तापतो, वास येतो. सेल उलटा लागलाय. लगेच काढा. तो बोर्ड पुन्हा वापरू नका. फुगलेला किंवा दबलेला सेलही नको.

काहीच पेटत नसेल तर मल्टिमीटर सेलपासून पुढे न्या: सेल, बोर्डचं 'आउट', स्विच, मग एलईडी. जिथं व्होल्ट दिसायचे थांबतात, तिथंच बिघाड.

डबीत भरण्याआधी प्रत्येक टॉर्च दहा वेळा चालू-बंद करा, हलवून बघा. आणि एक नियम करा: जिनं जोडली तिनं तपासायची नाही, शेजारणीनं तपासायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसरीला पटकन दिसते. पुढच्या बैठकीत परत आलेल्या टॉर्च घेऊन बसा आणि वरच्या पाचांपैकी कोणती चूक किती वेळा झाली, ते वहीत मांडा.