मागाला न लागलेले हात

भिंतीवर टांगलेले चित्र स्थिर असते. पाहणारा त्याच्यासमोर हवा तेवढा वेळ थांबतो आणि पुढे जातो. व्हिडिओ कलेत मात्र चित्र हलते, बोलते आणि कलाकाराने ठरवलेला वेळ प्रेक्षकाकडून मागून घेते. चित्रपटाप्रमाणे तिच्यात सलग कथा असेलच असे नाही. कलादालनातील अंधाऱ्या खोलीत, एका वा अनेक पडद्यांवर ती दाखविली जाते. भारतात या कलेची वाट पाडणाऱ्यांत नलिनी मलानी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी सुरू केलेल्या कार्यशाळेत त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा हाती घेतला.

१९७३ सालचा त्यांचा 'टॅबू' हा लघुपट राजस्थानातील एका विणकर समाजाविषयी आहे. टॅबू म्हणजे निषिद्ध गोष्ट. त्या समाजातील स्त्रिया सूत तयार करीत. पण मागाला हात लावण्याची त्यांना मनाई होती. हे बंधन दिसते त्याहून कठीण आहे. विणकराच्या घरात माग म्हणजे नुसते लाकडी साधन नव्हे. तीच त्याची कमाई आणि तोच त्याचा मान. श्रमाला स्त्री हवी, मोबदल्याच्या जागी मात्र ती नको, असा हा व्यवहार. स्त्रीला हे काम जमत नाही म्हणावे, तर आसामात घरोघरी मागावर स्त्रियाच बसतात! मध्य प्रदेशातील महेश्वर येथेही १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'रेहवा' संस्थेने स्त्रियांना विणकामाचे शिक्षण दिले. म्हणजे अडचण हातांची नव्हती, रूढीची होती.

'युटोपिया' या कृतीत दोन पडदे शेजारी शेजारी असतात. एकावर नव्या शहराचे रंगीत स्वप्न दिसते. दुसऱ्यावर उंच इमारतीतून मुंबईची झोपडवस्ती पाहणारी तरुणी.

२००५ सालच्या 'मदर इंडिया' या कृतीत पडदे पाच आहेत. नजर एकावर टिकली की दुसरा सुटतो. विषय आहे फाळणीचा आणि २००२ मधील गुजरातच्या हिंसाचाराचा. दोन्ही वेळी स्त्रीचे शरीर हीच समाजाची अब्रू मानली गेली आणि सूड तिच्यावर उगवला गेला. फाळणीत दोन्ही बाजूंच्या हजारो स्त्रियांना पळवून नेण्यात आले. त्यांना परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला. हेतू सोडवणुकीचा होता. परंतु मधल्या काळात कोणी नवा संसार मांडला होता, कोणाच्या कडेवर मूल होते. "मला जायचे नाही," असे म्हणणाऱ्या स्त्रीच्या शब्दाला त्या कायद्यात स्थान नव्हते. तो १९५७ पर्यंत अंमलात राहिला.