रिकाम्या खंडाची वर्दी

लोहमार्गाचा एखादा खंड रिकामा आहे की व्याप्त, हे दूरवर कळावे यासाठी अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली बंद विद्युत्मंडल योजिले. खंडाच्या एका टोकास विद्युत्घट व दुसऱ्या टोकास रिले असून प्रवाह रुळांतून वाहतो. गाडी आली की तो चाकांतून व आसांतून परततो. रिलेचे चुंबकत्व जाते व धोक्याचा संकेत मिळतो. तार तुटली तरी हेच घडते.

आगगाडीच्या प्रतिकृतीत बहुधा उलट रचना असते. खंडाचा एक रूळ शेजारच्या रुळांपासून विलग करून त्याच्या पुरवठ्याच्या तारेत शोधक बसवितात. इंजिनाच्या मोटरने घेतलेला प्रवाह तो ओळखतो. डबे प्रवाह घेत नाहीत. म्हणून त्यांच्या एका आसावरील दोन चाकांमध्ये १०,००० ओहमचा रोधक जोडतात. १२ व्होल्टला त्यातून १.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

शोधक रुळाजवळ ठेवून तेथून दूरच्या फलकापर्यंत पीळ दिलेली तारांची जोडी न्यावी. खंड रिकामा असतानाच तीत प्रवाह राहून हिरवा दिवा जळावा. म्हणजे ही जोडी तुटल्यास दिवा विझून सावधगिरीची सूचना मिळते. पुरवठ्याची तार तुटल्यास मात्र उभी गाडीही दिसत नाही. यास्तव प्रत्येक खंडात रोधक जोडलेला डबा ठेवून वेळोवेळी परीक्षा घ्यावी.